मुख्यालय कागदावर, मुक्काम जिल्ह्याला

सत्तेचे विकेंद्रीकरण कितपत झाले आहे, हे पाहण्यासाठी घटनेची अनुसूची चाळण्याची आवश्यकता नाही. तालुक्याच्या कोणत्याही गावी सायंकाळी सहाच्या सुमारास बसस्थानकावर उभे राहावे. नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणा सीमेवरील बिलोली हे असेच एक तालुक्याचे गाव. तहसील कार्यालय, पंचायत समिती, उपविभागीय अधिकाऱ्यांचे कार्यालय, न्यायालय, ग्रामीण रुग्णालय आणि 'क' वर्ग नगरपरिषद, अशी राज्यसत्तेची बहुतेक सर्व आसने या एका गावात मांडलेली आहेत. जिल्ह्याचे ठिकाण येथून पाऊणशे किलोमीटरच्या घरात आणि तेलंगणातील बोधन त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर. दिवसभर फायली येथे हलतात. पण दिवस मावळल्यावर या आसनांवर बसणाऱ्यांपैकी किती जण गावात उरतात, हा प्रश्न विचारला की चर्चा थांबते आणि हसू उमटते.

मराठवाड्याने या प्रकाराला एक शब्दही बहाल केला आहे. तो म्हणजे 'अप-डाऊन'. 'साहेब कुठे राहतात?' असे विचारावे, तर उत्तर येते, 'अप-डाऊन करतात.' या उत्तरात तक्रारीचा सूर नसतो, आश्चर्याचा तर नसतोच. जी गोष्ट सेवानियमांचा भंग आहे, ती जनतेने ऋतुचक्रासारखी स्वीकारली आहे. अनियमितता जेव्हा बोलीभाषेत रुळते, तेव्हा ती दूर करणे केवळ परिपत्रकांच्या आवाक्यात राहत नाही. हा विषय एकट्या बिलोलीचा नाही. देगलूर, मुखेड, धर्माबाद, अहमदपूर, निलंगा, उदगीर, कुठेही जावे, कहाणी थोड्याफार फरकाने तीच आहे. म्हणूनच तिच्याकडे कुणा एका अधिकाऱ्याचा किंवा एका कार्यालयाचा दोष म्हणून न पाहता व्यवस्थेचा दोष म्हणून पाहिले पाहिजे.

नियम आहे, भत्ता आहे, माणूस नाही

ग्रामीण भागात काम करणाऱ्या शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, ही अपेक्षा नवी नाही. तलाठी सज्जाच्या गावी, ग्रामसेवक ग्रामपंचायतीच्या गावी, वैद्यकीय अधिकारी आरोग्य केंद्राच्या आवारात आणि शिक्षक शाळेच्या गावी, अशी ही मांडणी आहे. याच हेतूने घरभाडे भत्ता दिला जातो. सातव्या वेतन आयोगानंतर २०१९ मध्ये राज्य शासनाने जे दर ठरविले, त्यांनुसार सर्वांत खालच्या, म्हणजे 'झेड' वर्गातील गावांसाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्के होता आणि किमान रक्कम १,८०० रुपये होती. महागाई भत्ता वाढत जाईल तशी या टक्केवारीतही वाढ होण्याची सोय त्यात होती. पन्नास हजार रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला केवळ ८ टक्क्यांच्या दराने महिन्याला ४,००० आणि वर्षाला ४८,००० रुपये मिळतात. एका तालुक्यात असे किती कर्मचारी असतील, याचा हिशेब वाचकांनीच मांडावा. ज्या गावात भाड्याची खोली घेतलेली नाही, त्या गावाच्या नावावर हे भाडे निघते. भाडेकरारनामे जोडले जातात, दाखले मिळतात, देयके मंजूर होतात. आणि ज्या घरमालकाच्या नावे करारनामा असतो, त्याच्या ओसरीवर भाडेकरू कधी दिसत नाही.

या प्रकाराला आळा घालण्यासाठी ग्रामविकास विभागाने ९ सप्टेंबर २०१९ रोजी एक शासन निर्णय काढला. कर्मचारी मुख्यालयी राहतो, याला ग्रामसभेच्या ठरावाचा आधार असावा, असे त्यात म्हटले होते. वरकरणी पाहता निर्णय उत्तम होता. गावात कोण राहते, हे गावाइतके कोणाला कळणार? परंतु या निर्णयाचा खरा स्वभाव व्यवहारात उघडा पडला. दाखला गावाने द्यायचा, पण वेतन काढणारा अधिकारी वेगळा, बदली करणारा वेगळा, चौकशी करणारा आणखी वेगळा. गावाच्या हाती आला तो केवळ शिक्का. ज्याच्या हाती शिक्का आहे पण सत्ता नाही, त्याचा शिक्का भिडेखातर उमटतो. सरपंचाला गुरुजींशी वैर घ्यायचे नसते, सदस्याला ग्रामसेवकाकडून दाखला हवा असतो, शेतकऱ्याला तलाठ्याकडे फेरफार अडकवायचा नसतो. मग ठराव सर्वानुमते मंजूर होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल नेहमीप्रमाणे जिल्ह्याच्या रस्त्याने गावात शिरते.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय मांडला. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत आणि तरीही घरभाडे भत्ता उचलतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर राज्यभर धुरळा उडाला. सप्टेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षकांनी मोठा मोर्चा काढला. दोन्ही बाजूंनी कठोर शब्द वापरले गेले, वृत्तपत्रांचे रकाने भरले आणि काही महिन्यांत विषय थंडावला. थंडावण्याचे कारण सोपे होते. वाद 'शिक्षक विरुद्ध आमदार' असा रंगवला गेला. ज्या गावांसाठी हा सारा नियम आहे, ती गावे त्या वादात पक्षकारच नव्हती. गावाला काय वाटते, असे कोणी विचारले नाही, कारण गावाच्या वाटण्याला कायद्याच्या व्यवहारात किंमत नाही.

कर्मचाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे

एकतर्फी झोडपण्याने न्याय होत नाही. कर्मचारी संघटनांचे म्हणणे असे, की घरभाडे भत्ता हा वेतनाचा भाग आहे, तो विशिष्ट गावी राहण्याचे बक्षीस नव्हे. दुसरे म्हणणे असे, की खेड्यात राहण्याजोगे घरच मिळत नाही. शासकीय निवासस्थाने बांधली गेली, पण पुढे त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. कुठे छत गळते, कुठे नळाला पाणी नाही, कुठे खिडक्यांच्या चौकटीही शिल्लक नाहीत. तिसरे म्हणणे मुलांच्या शिक्षणाचे आणि चौथे पती-पत्नीच्या वेगवेगळ्या नियुक्त्यांचे.

यांतील घराचे म्हणणे खरे आहे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. निवासाची सक्ती करायची आणि निवास द्यायचा नाही, हा अन्यायच होय. विशेषतः एकट्या राहणाऱ्या परिचारिकेने किंवा शिक्षिकेने मोडक्या दाराच्या खोलीत राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही गावाला नाही. पती-पत्नीच्या नियुक्त्यांचा प्रश्नही बदलीचे धोरण आखणाऱ्यांनी सोडवायचा आहे. त्याचा भार एखाद्या खेड्याने वाहू नये आणि एखाद्या कुटुंबानेही.

पण भत्ता हा वेतनाचा भाग आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. तसे असते तर महानगरातील कर्मचाऱ्याला अधिक आणि खेड्यातील कर्मचाऱ्याला कमी, असा गावागावांत भेद करण्याचे कारणच नव्हते. तो भेद आहे, कारण भत्त्याचा संबंध राहण्याच्या जागेशी आहे. आणि मुलांच्या शिक्षणाचा युक्तिवाद तर मांडणाऱ्यावरच उलटतो. ज्या शाळेत शिक्षक स्वतः शिकवतो, ती शाळा त्याच्या मुलाला पुरेशी वाटत नसेल, तर गावातील शेतमजुराच्या मुलाला ती का पुरेशी वाटावी? १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील शासकीय सेवकांची व लोकप्रतिनिधींची मुले शासकीय प्राथमिक शाळांत शिकावीत, अशी व्यवस्था करण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशामागचा विचार हाच होता. व्यवस्थेचा चालक जोवर त्या व्यवस्थेचा उपभोक्ता होत नाही, तोवर व्यवस्था सुधारत नाही. गावाच्या नळाला पाणी आले नाही याची झळ ज्या अधिकाऱ्याच्या घरी पोहोचत नाही, त्याच्या टेबलावर त्या नळाची फाईल तळाशीच राहणार.

रात्रीचे राज्य

'काम वेळेत होते ना, मग माणूस कुठे झोपतो याच्याशी काय देणे-घेणे?' असा प्रश्न शहरी सुशिक्षितांकडून हमखास येतो. आता तर चेहरा ओळखणारी अ‍ॅप आली आहेत, हजेरी भ्रमणध्वनीवर लागते. मग निवासाचा आग्रह जुनाट नाही का? परंतु यंत्र फक्त इतकेच सांगते, की सकाळी दहा वाजता माणूस कार्यालयात होता. रात्री दहा वाजता तो कुठे होता, हे ते सांगत नाही. आणि खेड्यावरील संकटे कार्यालयीन वेळ पाळून येत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची धरणी हादरली, ती पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या परिसरात पुराचे पाणी घराघरांत शिरले, जीवितहानी झाली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. अशा वेळी पहिले काही तास गावाचेच असतात. त्या तासांत कोणत्या घरात म्हातारी माणसे आहेत, कोणता नाला आधी फुगतो, शाळेच्या खोल्यांची किल्ली कोणाकडे आहे, हे ज्याला ठाऊक आहे, असा शासनाचा एक जबाबदार माणूस गावात असणे आणि नसणे यांत प्राणांचे अंतर असते. मोठी आपत्ती सोडून द्यावी. पेरणीच्या दिवसांत शेतात रात्री पाणी देताना सर्पदंश झालेला माणूस, अवेळी कळा सुरू झालेली स्त्री, यांच्या दृष्टीने आरोग्य केंद्रातील डॉक्टर हा पदनामापुरता नसतो. औषध कपाटात आहे, कपाट केंद्रात आहे, केंद्र गावात आहे. परंतु ते टोचण्याचा निर्णय घेणारा माणूस साठ-सत्तर किलोमीटर दूर असेल, तर वरील सर्व असून नसल्यासारखे आहे.

गावाला आहे ते शहराला नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. अधिकाऱ्याच्या निवासाची अट कोणी घालावी, ती पाळली जाते की नाही हे कोणी पाहावे, आणि न पाळल्यास दंड कोणी करावा? ही सत्ता आज पूर्णतः राज्याच्या मुठीत आहे, आणि ती तशी आहे म्हणूनच ती कोणी वापरीत नाही.

वस्तुतः महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रामसभेला मोठे बळ दिले होते. गावात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय व पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचे शिस्तविषयक नियंत्रण असावे, त्यांच्या कामाचे मूल्यमापन व्हावे, आणि गैरप्रकार आढळल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे अहवाल पाठविता यावा, अशी ती तरतूद आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीत चौकशी करावी, असेही तीत आहे. किती ग्रामसभांनी हे अस्त्र उपसले? बहुसंख्य गावांना ते आपल्या भात्यात आहे हेच ठाऊक नाही. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा आणि घरोघरी फिरून गोळा केलेल्या सह्या, या वातावरणात कायद्याचे उत्तम कलमही गंजते.

पण निदान खेड्याला असे कलम तरी आहे. बिलोलीसारख्या लहान शहराची अवस्था याहून विचित्र आहे. तेथे ग्रामसभा नाही. नगरपरिषदेचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. नगराध्यक्ष आणि नगरसेवक लोक निवडून देतात. पण मुख्याधिकारी राज्य शासन नेमते, आणि अभियंता, लेखापाल, कर अधिकारी यांचेही राज्यस्तरीय संवर्ग झाले आहेत. त्यांची नेमणूक मंत्रालयातून, बदली मंत्रालयातून आणि शिस्तभंगाची कारवाईही वरूनच. ज्या नगरीचा कारभार त्यांनी हाकायचा, त्या नगरीच्या निवडून आलेल्या सभागृहाला त्यांना 'येथे राहा' असे परिणामकारकपणे सांगण्याचा अधिकार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. विषय मिळाले, पण ते हाताळणाऱ्या माणसावरची सत्ता मिळाली नाही. घर दिले आणि किल्ली देणाऱ्याने स्वतःच्या कनवटीला ठेवली, असाच हा व्यवहार झाला.

२००९ साली शहरांसाठी 'क्षेत्रसभा' ही संकल्पना कायद्यात आली. प्रभागातील मतदारांनी एकत्र बसावे, कामांचा अग्रक्रम सांगावा, सेवांवर लक्ष ठेवावे, असा तिचा हेतू होता. सतरा-अठरा वर्षांचा काळ लोटत आला, तरी सामान्य नागरिकाच्या अनुभवात ती उतरलेली नाही. त्यात भर म्हणजे २०२१-२२ च्या सुमारास मुदत संपलेल्या राज्यातील नगरपरिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षे असंख्य गावांनी आपल्या नगरीचा कारभार अशा हातांत पाहिला, ज्यांना त्या नगरीने निवडले नव्हते. नगराध्यक्ष थेट जनतेतून की सदस्यांतून, यावर २००६, २०१६, २०२० आणि २०२२ अशी चार वेळा राज्याने भूमिका बदलली. सरकारे बदलली, पक्ष बदलले. परंतु स्थानिक संस्थांना खेळणे समजण्याची वृत्ती कोणीच सोडली नाही.

परदेशातील दाखला

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत अनेक शहरांनी आपल्या कर्मचाऱ्यांना शहराच्या हद्दीतच राहण्याची अट घातली होती. फिलाडेल्फियातील एका अग्निशामक जवानाने सोळा वर्षांच्या सेवेनंतर आपले घर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात हलविले. शहराने त्याला सेवामुक्त केले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७६ मध्ये त्या न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला आहेच. पण शहराची नोकरी करायची असेल तर शहराने घातलेली निवासाची अट वैध आहे, असा त्याचा मथितार्थ.

पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात १९३८ पासून अशी अट होती. २०१३ मध्ये राज्याने कायदा करून स्थानिक संस्थांचा हा अधिकारच काढून घेतला. शहर न्यायालयात लढले. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला आणि शहर हरले. तेथे निदान लढाई झाली. आपला अधिकार हिरावला जात आहे, याची त्या नगरीला जाणीव होती आणि तो राखण्यासाठी ती उभी राहिली. आपल्याकडे हरण्यासाठीही आधी अधिकार असावा लागतो, तोच नाही.

जे राहिले, त्यांनी घडविले

जबाबदार माणसाने जबाबदारीच्या जागीच राहावे, हा विचार या मातीला परका नाही. शिवछत्रपतींच्या गडव्यवस्थेत हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे अधिकारी गडावरच वस्तीला असत. सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाले की आतले आत आणि बाहेरचे बाहेर. गडाचा अधिकारी पायथ्याच्या गावात सुखाने निजतो आहे, ही कल्पनाही त्या राज्याला सोसली नसती. पुढे वतनदारीने याच निवासाला वंशपरंपरेची साखळी घातली आणि गावात राहणारा अधिकारी गावाचा सेवक न राहता गावाचा मालक झाला. त्या अनुभवातून बदली होणारा, वेतन घेणारा, निःपक्ष नोकर हवा, हे योग्यच ठरले. पण वतनदारी संपविताना निवासही संपवावा, असे कोणी म्हटले नव्हते. मालकी गेली हे चांगले झाले. मुक्काम गेला हे वाईट झाले.

मुक्कामाचे मोल पाहायचे तर बिलोली तालुका सोडून जाण्याचीही आवश्यकता नाही. याच तालुक्यातील सगरोळी येथे १९५९ साली कै. बाबासाहेब देशमुख यांनी संस्कृती संवर्धन मंडळाची उभारणी केली. निजामी राजवटीतून बाहेर पडून जेमतेम अकरा वर्षे झालेला हा सीमाभाग. तेथे शाळा, वसतिगृहे आणि पुढे कृषी विज्ञान केंद्र उभे राहिले, ते कोणा शासन निर्णयामुळे नव्हे, तर माणसे तेथे राहिली म्हणून. १९६६ साली पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अशोकराव कुकडे आपल्या सहकाऱ्यांसह लातूरला आले आणि विवेकानंद रुग्णालय सुरू झाले. ते लातूरला 'अप-डाऊन' करीत राहिले असते, तर ते रुग्णालय आजच्या रूपात दिसले नसते. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा तो सन्मान त्या मुक्कामाचाही होता.

मराठवाड्याच्याच कडोळी गावी जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी सत्तेच्या राजकारणातून निवृत्ती घेतली आणि चित्रकूटच्या परिसरात ग्रामविकासाचे काम उभे केले. त्या कामाचा कणा होता 'समाजशिल्पी दांपत्य' ही योजना. सुशिक्षित पती-पत्नीने खेड्यात जाऊन राहायचे, गावाच्या सुखदुःखात मिसळायचे आणि तेथूनच काम करायचे. नानाजींनी प्रशिक्षण शिबिरे भरवून कार्यकर्त्यांना सायंकाळी परत बोलावले नाही. आधी राहायला पाठविले. आणि पती-पत्नी दोघांनाही पाठविले. कर्मचारी संघटना ज्या कौटुंबिक अडचणीकडे बोट दाखवितात, तिचे उत्तर त्या योजनेत दडलेले आहे.

अर्थात, ध्येयवादी कार्यकर्त्याची फूटपट्टी प्रत्येक पगारदार नोकराला लावता येणार नाही. त्याग हा सेवाशर्तीत लिहिता येत नाही. पण निवास लिहिता येतो, तो लिहिलेला आहे, आणि त्याचे पैसेही दिले जातात.

नेत्यांनी आधी आरशात पाहावे

अधिकाऱ्याला 'येथे राहा' म्हणणारा लोकप्रतिनिधी स्वतः कुठे राहतो? हा प्रश्न टाळून चालणार नाही. नगरपरिषदेची निवडणूक लढवायची तर त्या नगरीच्या मतदार यादीत नाव हवे. मतदार यादीत नाव येण्यासाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तेथे 'सामान्यतः निवासी' असावे लागते. आणि त्याच कायद्याने हेही स्पष्ट केले आहे, की केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी सामान्यतः निवासी ठरत नाही. व्यवहार काय आहे? वडिलोपार्जित वाड्यावर कुलूप, यादीत नाव, बंगला जिल्ह्याच्या शहरात आणि मुले पुण्यात. सभेच्या दिवशी गाडी येते, हार पडतात, गाडी जाते. अशा नगरसेवकाने मुख्याधिकाऱ्याला निवासाबद्दल जाब विचारला, तर उत्तरादाखल मिळणारे स्मित त्याला सहन करावे लागेल.

वरच्या सभागृहाचे उदाहरणही काही उत्साहवर्धक नाही. राज्यसभेच्या उमेदवाराने त्या राज्याचा मतदार असावे, ही अट २००३ मध्ये संसदेने काढून टाकली. तेव्हा वाजपेयी सरकार सत्तेवर होते आणि बदल सर्वच पक्षांच्या सोयीचा होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर खटल्यात ती दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला. पण जनतेच्या मनात एक गोष्ट ठसली, की प्रतिनिधी होण्यासाठी तेथे राहण्याची गरज नसते. वरून झिरपलेली ही सवलत खाली प्रभागापर्यंत पोहोचली, यात नवल काय?

सीमेवर राज्य दिसले पाहिजे

बिलोली-धर्माबाद परिसरात या विषयाला आणखी एक धार आहे. २०१८ मध्ये धर्माबाद भागातील अनेक गावांनी आपल्याला तेलंगणात सामील करावे, अशी मागणी केली. तेथील शेतकरी योजना, वीज, निवृत्तिवेतन यांची तुलना होत होती. ही मागणी ऐकून मुंबईत काहींनी भुवया उंचावल्या, काहींनी ती राजकीय म्हणून झटकली. परंतु मूळ पाहिले पाहिजे. हे तेच लोक आहेत, ज्यांच्या आजोबांनी १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीसाठी रझाकारांचे अत्याचार सोसले आणि मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला तेव्हा आनंद मानला. त्यांच्या नातवांना शेजारचे राज्य अधिक जवळचे का वाटावे?

सीमेवरच्या गावाला 'महाराष्ट्र शासन' मंत्रालयाच्या इमारतीत दिसत नाही. त्याला ते तलाठ्यात, ग्रामसेवकात, गुरुजींत आणि डॉक्टरांत दिसते. अलीकडे तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' असे भारदस्त पदनाम मिळाले. पदनाम बदलले, पत्ता बदलला नाही. सायंकाळनंतर ज्या गावात राज्याचा एकही माणूस उरत नाही, त्या गावाला राज्याबद्दल आत्मीयता वाटावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे पेरल्यावाचून कापणीला निघणे होय. सीमेचे रक्षण केवळ नकाशावर होत नसते. सीमेवरच्या माणसाला आपले कोणी येथे राहते, असे वाटण्यानेही ते होते.

काय करावे?

उपाय अवघड नाहीत, इच्छाशक्ती अवघड आहे. पहिली गोष्ट, निवासाच्या अटीचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही स्थानिक संस्थेकडे द्यावी. घरभाडे भत्ता ग्रामसभेच्या किंवा नगरपरिषदेच्या प्रमाणपत्रावर निघावा, आणि प्रमाणपत्र नाकारल्यास तो आपोआप थांबावा. वर कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागू नये. गावगुंडीला वाव राहू नये म्हणून कर्मचाऱ्याला जिल्हा स्तरावर ठरावीक मुदतीत अपील करता यावे. गावातील एखाद्या पुढाऱ्याच्या रोषामुळे प्रामाणिक माणूस भरडला जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट, अशा रीतीने थांबलेला भत्ता राज्याच्या तिजोरीत परत न जाता त्याच गावाच्या निवासस्थान निधीत जमा व्हावा. त्यातून घरे दुरुस्त व्हावीत, नवी बांधावीत. मग अट आणि सोय एकाच हाताने दिली जाईल आणि 'घर नाही' ही तक्रार सांगायला कोणी उरणार नाही. तिसरी गोष्ट, नगरपरिषदांतील क्षेत्रसभा कागदावरून प्रभागात उतराव्यात आणि ग्रामसभेला २००३ मध्ये जे मिळाले, ते बिलोलीच्या नागरिकालाही मिळावे. शहरात राहायला आल्यामुळे नागरिकाचा अधिकार घटतो, ही विसंगती लोकशाहीला शोभणारी नाही.

परंतु कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जे कलम आहे, ते तरी वापरावे. समाजकार्यात असणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावाच्या पुढील ग्रामसभेला जावे, शेजारच्या चार घरांना सोबत न्यावे आणि गणपूर्ती होईल असे पाहावे. मुख्यालयी निवासाचा ठराव विषयपत्रिकेवर आला की हात वर करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे गृहस्थ कोणाच्या घरी राहतात? प्रश्नात राग नसावा, उपहास नसावा. आणि उत्तर 'घर मिळत नाही' असे आले, तर त्याच सभेत गावातील एक चांगली खोली, योग्य भाड्याने, दारा-खिडक्यांसह देण्याची तयारी गावाने दाखवावी. शहरात स्थिरावलेल्या ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांची गावातील घरे कुलूपबंद पडून आहेत, त्यांनी ती कुलुपे यासाठी उघडावीत. परिचारिकेला, शिक्षिकेला गावाने शेजार द्यावा, सणावाराला ताटावर बोलवावे. अधिकार गाजविणारे गाव आणि आतिथ्य करणारे गाव ही दोन वेगळी गावे असता कामा नयेत.

राज्याने सत्ता खाली दिली नाही, ही तक्रार रास्त आहे. पण जी थोडीफार दिली, ती ग्रामसभेच्या रिकाम्या सतरंजीवर पडून राहिली, हेही तितकेच खरे आहे. सायंकाळची शेवटची बस रिकामी जायची असेल, तर आधी ती सतरंजी भरली पाहिजे.